शेजाऱ्याच्या गाडीतले वजें

लेकीच्या लग्नानंतरची पहिली गणेशचतुर्थी आली की आमच्याकडे तिच्या सासरी वजें पाठवतात. वजें म्हणजे टोपल्या. नेवऱ्या म्हणजे करंज्या, लाडू, खाजे, चकल्या, केळ्यांचा घड, नारळ, मोठे तवसे, म्हणजे काकडी, आणि जावयाचे कपडे. टोपल्या नुसत्या पोचवून भागत नाही. घरातले वडीलधारे माणूस सोबत जावे लागते, आणि ते माणूस कसल्या गाडीतून उतरते हे तिकडच्या वाड्यावरची माणसे अंगणात उभी राहून बघतात.

माझी लेक दिली केरीला, पेडणे तालुक्याच्या अगदी टोकाला, समुद्राकाठी. आम्ही राहतो सर्वणला, डिचोली शहराच्या बाजूला. मध्ये अस्नोडा, म्हापसा, कोलवाळ, मांद्रे, हरमल. बसने टोपल्या घेऊन जायचे तर तीन ठिकाणी चढायचे-उतरायचे. मी एका हायस्कूलच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. यादी केल्याशिवाय मी बाजारालाही जात नाही. वज्याची यादी मी वहीत पंधरा दिवस आधी मांडली होती. तिच्यात टोपल्यांवर घालायच्या फडक्यांचे रंगसुद्धा लिहिलेले होते. गाडीपुढे मात्र प्रश्नचिन्ह होते.

एके काळी हा प्रश्नच आला नसता. माझ्या सासऱ्यांचे खनिज वाहणारे दोन ट्रक होते आणि एक जीप होती. गावात कुणाचे लग्न असो, कुणाला इस्पितळात न्यायचे असो, लोक जीप मागायला आमच्या दारात यायचे आणि सासरे नाही म्हणायचे नाहीत. खाणी बंद पडल्या, ट्रक विकले, मागोमाग जीपही गेली. नवरा गाडी चालवायला कधी शिकलाच नाही. मी मात्र चाळिशी उलटल्यावर हट्टाने शिकले आणि लायसन काढले. घरात गाडी नसताना लायसन कशाला, म्हणून नणंदेने थट्टाही केली होती.

आमचे शेजारी काका मूळचे दोडामार्गकडचे. खाणीवर मशीन चालवायला आले आणि इथेच राहिले. त्यांच्याकडे एक लहान निळी गाडी आहे. ती गाडी चैनीसाठी नाही. काकींची किडनी काम करत नाही, त्यामुळे सोमवार, बुधवार, शुक्रवार त्यांना म्हापशाला डायलिसिसला न्यावे लागते. काका स्वतः नेतात. मी फोनवर टॅक्सीवाल्याशी बोलत होते ते त्यांनी कुंपणापलीकडून ऐकले.

"टॅक्सी कित्याक, बाय? गुरवारी माझी गाडी उभीच आसता. घेवन जा."

"काका, पेट्रोल मी घालणार."

"घाल मगे. टाकी भर. माझा काय जाता?"

सासरे बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओट्यावर, बसले होते. त्यांनी पेपर खाली केला. "दुसऱ्याच्या गाडयेन वजें?"

"मग टोपली डोक्यावर घेऊन चालत जाऊया का, मामा?"

पेपर परत वर गेला.

गुरुवारी सकाळी काकांनी किल्ली दिली. मी गाडीतली प्लास्टिकची पिशवी उघडून कागद बघितले. आरसी होते, प्रदूषणाचा दाखला होता, विम्याची मुदत शिल्लक होती. तारीख बघितली आणि पिशवी बंद केली. मुलांच्या दाखल्यावरची एकेक ओळ तपासणारी मी, तारखेच्या खाली काय छापले आहे ते वाचायचे मला सुचले नाही.

नवरा माटोळी, म्हणजे गणपतीवरचा फळापानांचा मांडव, बांधायला घरी राहिला. मी चालवायला, बाजूला सासरे, मागच्या सीटवर आणि डिकीत टोपल्या. कोलवाळचा पूल ओलांडेपर्यंत सासरे मला गियर कधी बदलायचा ते सांगत होते. मांद्र्यानंतर गप्प झाले, म्हणजे माझे चालवणे त्यांना पटले असावे.

हरमलला पावसाळ्यातही भाड्याच्या स्कूटर घेऊन फिरणारे पर्यटक असतात. एका अरुंद वळणावर अशीच एक स्कूटर आमच्या बाजूने समोर आली. मी डावीकडे घेतले. ब्रेक लागला, पण रस्ता ओला होता आणि गाडी चिऱ्यांच्या कुंपणावर जाऊन बसली. स्कूटरवाले दोघे घसरून पडले, गुडघे खरचटले. सासऱ्यांना काही झाले नाही. माझ्या डाव्या मनगटातून कळ गेली. गाडीचा डावा दिवा, बंपर आणि चाकावरचा पत्रा आत गेला होता, आणि मागे सगळीकडे नेवऱ्या.

लोक जमले. कुंपणाची मालकीण बाहेर आली आणि आधी तिने मला पाणी दिले, मग पडलेले चिरे मोजले. कुणीतरी केरीला फोन केला. लेकीचे सासरे स्कूटरवर येऊन पोचले, तोवर पोलीसही आले होते. मासळीचा एक टेंपो थांबला आणि चालकाने टोपल्या नेऊन पोचवतो म्हणून सांगितले.

"मासळेच्या टेंपोतल्यान वजें?" माझे सासरे त्याही अवस्थेत ओरडले. "तुजें डोकें फिरलां?"

टेंपोवाला म्हणाला, "आज टेंपोंत नुस्तें ना, आजो. मासळेचो फकत वास आसा."

शेवटी एक रिक्षा मिळाली आणि मी एका हाताने टोपल्या भरू लागले. तेवढ्यात हवालदाराने विचारले, "गाडी कोणाची?"

मी 'शेजाऱ्यांची' म्हणायला तोंड उघडले. सासरे मध्ये पडले. "भाड्याची. भाडें भरून हाडल्या."

मी त्यांच्याकडे बघितले. ते माझ्याकडे बघत नव्हते. ते लेकीच्या सासऱ्यांकडे बघत होते. नातीचे पहिले वजें मागून आणलेल्या गाडीतून आले हे व्याह्यांसमोर म्हणणे त्यांना जमेना. भाड्याची म्हटली की निदान पैसे मोजून आणली असे होते. हवालदाराने ते लिहून घेतले, सासऱ्यांनी जबाबाखाली सही केली. माझ्या जबाबात मी गाडी मालकाच्या संमतीने चालवत होते एवढेच होते. सासऱ्यांचे मी ऐकले, आणि गप्प बसले. त्या वेळी मला वाटले, म्हाताऱ्या माणसाचा मान राहिला तर कुणाचे काय बिघडते.

मनगटाच्या हाडाला बारीक चीर होती. प्लास्टर घालून संध्याकाळी घरी आले तेव्हा काका-काकी अंगणात उभे होते. गाडी ओढून गॅरेजला नेल्याचे मी फोनवर आधीच सांगितले होते. काकांनी माझा हात बघितला.

"पत्रो सरळ करूक येता, बाय. हाड तेवढा सांभाळ." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी काय म्हणतंय, मीच चलयत हुतंय असा सांगूया? माझी गाडी, माझो विमो. तुका तरास नको."

"नाही काका. पोलिसांच्या कागदावर माझे नाव आहे. माझे लायसन खरे आहे, मी गाडी विचारून नेली होती. खोटे सांगायची गरज काय?"

ते चांगुलपणाने म्हणत होते, हे मला कळत होते. पण चांगुलपणाने लिहिलेला खोटा कागदसुद्धा खोटाच ठरतो, हे मी ऑफिसात पुष्कळदा बघितले आहे.

घरी येऊन मी जेवणाच्या मेजावर ती पिशवी उपडी केली आणि विम्याचा कागद पहिल्यांदा सबंध वाचला. इंग्रजी बारीक टाइपातले होते. पट्टी ठेवून एकेक ओळ वाचली आणि जे समजले ते मराठीत वहीत उतरवले.

पहिली गोष्ट समजली ती दिलासा देणारी होती. हा विमा गाडीचा होता. ती मालकाने चालवली की मालकाच्या परवानगीने दुसऱ्याने, याने फरक पडत नव्हता, फक्त चालवणाऱ्याकडे त्या प्रकारच्या गाडीचे चालू लायसन हवे. म्हणजे कुंपण, स्कूटरवाले आणि काकांच्या गाडीचा मोडलेला पत्रा, सगळे त्यात बसत होते. दुसरी गोष्ट माझ्याबद्दल होती. अपघातात चालवणाऱ्याला काही झाले तर मिळणारी रक्कम फक्त मालक स्वतः चालवत असेल तरच होती. मागून नेलेल्या गाडीत बसलेली मी त्यात कुठेच नव्हते. मनगटावर निभावले म्हणून बरे. तिसरी ओळ मी दोनदा वाचली. गाडी कुठल्याही कामासाठी वापरावी, पण भाड्याने किंवा मोबदला घेऊन देऊ नये. दिली तर विमा लागू नाही.

मी पट्टी बाजूला ठेवली. सासरे आतल्या खोलीत नवऱ्याला अपघाताची गोष्ट सांगत होते. त्यातली 'भाडें भरून हाडल्या' ही ओळ त्यांनी वगळली, हे माझ्या लक्षात आले.

चतुर्थी होऊन गेल्यावर सर्व्हेयर गॅरेजमध्ये आला. तरुण होता, हातात पोलिसांच्या कागदांची प्रत होती. त्याने मोडलेल्या भागांचे फोटो काढले आणि माझे लायसन बघितले.

"डिकीत माल होता असं लिहिलंय. खाजगी गाडीतून माल वाहता येत नाही, बाई."

"माल नव्हता. वजें होतं."

तो हसला. "मी पण डिचोलीचाच. पण कंपनीला वजें कसं लिहू?"

"घरगुती सामान लिहा. नेवऱ्या विकायला नेत नव्हतो."

तेवढे मिटले. पण पुढचे पान उलटल्यावर त्याचे हसू गेले. "हे तुमच्या सासऱ्यांचं. भाडें भरून आणली म्हणतात. बाई, सीझनमध्ये हरमलला कितीतरी खाजगी गाड्या गुपचूप भाड्याने फिरतात. भाड्याच्या गाडीची काळी पाटी नाही, परवाना नाही. ठोकली की म्हणतात मित्राची आहे. इथं तर तुमच्याच माणसाने भाड्याची म्हणून सांगितलंय. मी हे असंच पुढे पाठवलं तर गाडीची भरपाई नामंजूर होणार. कुंपणाच्या भरपाईचं निघालं तर तेही मालकाच्या अंगावर येऊ शकतं."

"ते खरं नाही. एक रुपया दिलेला नाही. पेट्रोल घातलं, आणि गाडी परत देताना केळ्यांचा एक घड द्यायचा असं ठरवलं होतं. हेही सांगायचं का?"

"काही लपवू नका. पेट्रोल म्हणजे भाडं नव्हे, आणि केळी तर नव्हेच. पण जबाब आहे तो आहे. कंपनीचा चौकशीचा माणूस पुढच्या शुक्रवारी केरीला जाणार आहे. तिथे हजर होते त्यांना विचारणार."

हजर होते ते लेकीचे सासरे. ते विचारल्यावर काय सांगणार होते? जे ऐकले तेच. 'व्याह्यांनी स्वतः आमच्यासमोर सांगितले, भाड्याची म्हणून.' आणि ते खोटे बोलत नसतील.

गाडी गॅरेजमध्ये उभीच होती. मंजुरी आल्याशिवाय काम सुरू करायला काकांची ऐपत नव्हती आणि मेकॅनिक तयार नव्हता. आठवड्याला तीन वेळा काकींना म्हापशाला न्यायचे कसे, हा प्रश्न माझ्यामुळे उभा राहिला होता. म्हणून तो सोडवायचा मी. वहीत तीन आठवड्यांचे वार आखले आणि गावातल्या गाडीवाल्यांकडे जाऊ लागले. कोण सोमवारी म्हापशाला जातो, कुणाला बुधवारी रजा असते. प्रत्येकाकडे मी आधी कागद मागितले. लायसन, आरसी, विमा. तारखाच नव्हे, आतले पण.

"वैनी, आता चायेच्या आदीं विमो मागता तुमी?" एकाने टोमणा मारला.

"चहा नंतर घेईन. विमा आधी दाखव."

एकाचा विमा चतुर्थीच्या आठवड्यात संपला होता. "चार दिसांनी करतलों गो, कितें जाता?" तो म्हणाला. मी त्याचे नाव खोडले आणि चार दिवसांनी ये म्हणून सांगितले. तो रागावला. पण पाचव्या दिवशी नवीन कागद घेऊन स्वतःच दारात आला आणि त्याला दोन बुधवार मिळाले.

लोकांनी केले, नाही म्हणवत नाही. पण दर वेळी दुसऱ्याचे माणूस, दुसऱ्याची वेळ. चार तास बाहेर ताटकळत बसायला कुणाला सवड असते? दुसऱ्या आठवड्यात काकी मला म्हणाल्या, "एक फेरी चुकली तर काय होता गो? लोकांक किती तरास देवचो?"

"एकही फेरी चुकणार नाही," मी म्हटले.

त्या संध्याकाळी मी सासऱ्यांसमोर वही उघडून बसले. सर्व्हेयर काय म्हणाला ते त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगितले होते. त्यावर ते 'बघूया' म्हणाले होते, आणि त्यानंतर त्यांनी बघितले नव्हते.

"मामा, शुक्रवारी माणूस केरीला जाणार. त्याच्या आधी व्याह्यांना खरं सांगायला हवं. आणि पोलिसांकडे पुरवणी जबाब द्यायला हवा."

"सांगलें तें सांगलें."

"ते खरं नव्हतं."

"तूं माका व्याह्यांफुडें उघडो पाडतली? अठ्ठ्याहत्तराव्या वर्सां?"

"मला व्याह्यांना काही पढवायचं नाही. त्यांना खरं माहीत व्हायला हवं, मग ते काय ते सांगतील. गुरुवारी सकाळी सव्वासातची बस आहे म्हापशाला. तिथून पेडण्याची, मग केरीची. तुम्ही आला नाहीत तर मी एकटी जाणार. पण मी सांगितलं तर सून सासऱ्याची चूक सांगतेय असं होईल. ते तुम्हीच सांगायला हवं."

ते उठून आत गेले. मी वहीत गुरुवारपुढे एक माणूस लिहिले आणि एक जागा मोकळी ठेवली.

बुधवारी ठरलेली गाडी आली नाही. गाडीवाल्याच्या घरी कुणाला तरी ताप होता. मी ऑफिसात होते. फोन आल्यावर इकडेतिकडे फोन करून दुसरी गाडी मिळवली, पण पाऊण तास गेला. तो पाऊण तास काकी पिशवी मांडीवर घेऊन फाटकापाशी पायरीवर बसून होत्या. काका रस्त्यावर जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करत होते. हे मला सासऱ्यांनीच सांगितले. ते बाल्कांवात बसून सगळे बघत होते. मध्येच उठून त्यांनी काकींना खुर्ची नेऊन दिली. काकी म्हणाल्या, "तुमी कित्याक तरास घेतात, भावजी? येतली गाडी." एवढेच झाले.

मी घरी आले तेव्हा त्यांनी धुतलेला शर्ट काढून ठेवला होता.

"बस कितल्याक म्हणाली तूं?"

"सव्वासात."

"सातांक भायर पडूया. तुजें गणित फाटीं-फुडें जाता."

माझे गणित मागे-पुढे होत नाही, पण मी वाद घातला नाही.

केरीला पोचेस्तोवर साडेदहा झाले. लेकीने चहा केला. लेकीचे सासरे बाहेर जाळे दुरुस्त करत होते, ते हात पुसत आत आले. मला वाटले होते, सासरे आधी पावसापाण्याचे बोलतील. त्यांनी चहाला हातही लावला नाही.

"व्याही, त्या दिसा हांव फट उलयलों." फट म्हणजे खोटे. "गाडी भाड्याची न्हय. आमच्या शेजाऱ्यान दिल्ली. फुकट. त्याची बायल दुयेंत. तिका दवाखान्यांत व्हरपाची गाडी ती. हांवें भाडें म्हणलें, आनी आतां ताका विम्याचे पयशे मेळनात."

स्वयंपाकघरातले भांड्यांचे आवाज थांबले. लेक दारात उभी होती. तिच्या सासऱ्यांनी डोके खाजवले.

"आनी हांवें अख्ख्या वाड्यार सांगलां," ते म्हणाले, "आमच्या सुनेचो आजो भाड्याची गाडी करून वजें घेवन आयलो, मोडली तरी फाटीं सरलो ना. आतां परत घरोघर वचून दुसरें सांगचें पडटलें!"

"सांग," सासरे म्हणाले. "म्हजें नांव घेवन सांग."

"सांगतां. पूण आदीं ती च्या घे. थंड जाली." मग जरा थांबून, "आनी पोलिसांगेर हांव येतां तुमच्या वांगडा. साक्षीदार हांवच आसलों न्हय?"

पोलीस ठाण्यावर हवालदार कुरकुरला. एकदा सांगता, परत बदलता, आमचा कागद म्हणजे काय पाटी आहे? सासरे उभे राहूनच बोलले. काय खोटे सांगितले, का सांगितले, खरे काय, तिन्ही त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले. 'का'चा भाग लिहायची गरज नाही म्हणून हवालदार म्हणाला. सासरे म्हणाले, "बरय." बरय म्हणजे लिही. हवालदाराने लिहिले. मी बाजूला उभी होते. माझ्या पिशवीत काकांचे सहीचे पत्र होते, की गाडी शेजारी म्हणून दिली, मोबदला घेतला नाही, पेट्रोल नेणाऱ्याने घातले. त्याच्या तीन प्रती मी करून घेतल्या होत्या. एक पोलिसांकडे, एक सर्व्हेयरकडे, एक माझ्या वहीत.

शुक्रवारी चौकशीचा माणूस केरीला जाऊन आला. लेकीने फोनवर सांगितले, "ताणी खूप विचारलें. आमच्या हांगच्या मामांनी सगळें सांगलें, पयलें फट आनी मागीर खरें. तो मनीस हांसलो." हसणे म्हणजे मंजूर नव्हे, हे मला माहीत होते. मी पुढच्या दोन आठवड्यांचे वार आखून ठेवले आणि त्यातले काही वापरावेही लागले. मधल्या काळात स्वतःच्या नावाचा अपघाती विमा काढला. कुणाचीही गाडी चालवली तरी तो माझ्यासोबत राहतो. आधी वर्षानुवर्षे सुचले नव्हते, आता प्लास्टर हातावर असताना अर्ज भरायला मजा आली.

मंजुरीचा फोन मला ऑफिसात आला. सहामाही परीक्षेच्या कागदांचे गठ्ठे समोर होते. सर्व्हेयर म्हणाला, "बाई, झालं. मेकॅनिकला काम सुरू करायला सांगा." मी घरी फोन लावला. सासऱ्यांनी उचलला. मी सांगितले, आणि काकांना सांगायला नवऱ्याला पाठवा म्हटले.

"तो कित्याक?" ते म्हणाले. "हांव वतां. फोन दवर."

संध्याकाळी घरी येताना बघितले तर ते अजून काकांच्या पायरीवर बसलेले. चतुर्थीपासूनची सगळी गोष्ट चालली होती, मासळीच्या टेंपोसकट. भाड्याच्या वाक्यापाशी आले तेव्हा काकी तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि काका म्हणत होते, "भावजी, माका आदीच सांगलं आसतास तर पावती तरी फाडून दिली आसती!"

"पावती दिली आसती तर गाडी गॅरेजीतच ऱ्हावली आसती," मी कुंपणावरून ओरडले.

शनिवारी गाडी आली. चाकावरचा पत्रा नवा होता, त्याचा निळा रंग बाकीच्या गाडीपेक्षा थोडा गडद होता. सोमवारी सकाळी काका स्टिअरिंगवर बसले, काकी पिशवी घेऊन बाजूला बसल्या आणि दोघे नेहमीच्या वेळेला म्हापशाला निघाले. मी वहीतला सोमवार खोडला, मग बुधवार आणि शुक्रवार, आणि साडेआठला ऑफिसला पोचले.